फुगलेला डबा

लघवी बंद पडली म्हणजे माणसाचं काय होतं, ते लिहिते आहे. यात लाजण्यासारखं काही नाही. मागच्या महिन्यात आमच्या गावातल्या एका बाईला नागपूरला नेलं. तिची मुलगी माझ्याकडे आली, ओट्यावर टेकली. मग म्हणाली, "आजी, तुमचं कसं झालतं?" तिला जे सांगितलं तेच इथे आहे. माझी शाळा चौथीपर्यंत. रोगाची नावं डॉक्टरांना विचारा. भीती कशी असते ते मी सांगते.

माघातला आमरस

नव्वद साल उलटून गेलं होतं. आमचं गाव बेल्याजवळ, आदिलाबाद जिल्ह्यात, तेव्हाच्या आंध्रात. घरी कापूस आणि ज्वारी. थोरल्याचं लग्न झालं होतं, धाकटा गजानन राहिला होता. त्याच्यासाठी पैनगंगेच्या काठच्या गावातली वेणू ठरवली. सातवी शिकलेली, अंगानं बारीक, बोलायला कमी. साखरपुडा माघात, त्यांच्या घरी.

वेणूचे वडील देवराव हौशी माणूस. त्यांना विहिणीला आमरस-पुरी वाढायची होती. माघात झाडाला मोहोर असतो, आंबा कुठला? पण त्यांच्या गावच्या किराणावाल्या शेठनं शहरातून डबाबंद रस आणला होता. देवरावांनी दुकानात डबे हातात घेऊन पाहिले. काही सपाट होते, काहींची झाकणं दोन्ही अंगांनी वर आलेली. त्यांनी त्यातले फुगलेले जास्त घेतले. भोपळा असो की पोतं, आपण टच्च भरलेलं पाहूनच घेतो. शेठही म्हणाला म्हणे, "पाटील, हा घ्या, गच्च हाय." सपाट डबे पुरुषांच्या पंगतीला आणि फुगलेले, म्हणजे त्यांच्या लेखी चांगले, विहिणीच्या पंगतीला, असं त्यांनी ठरवलं.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मी पाटावर बसले, वाटीत रस आला, आणि त्याला वास आला. आंबट, जुन्या ताकासारखा. मी एक घोट घेतला आणि थांबले. समोर विहीणबाई वाकून उभ्या.

"काऊन हो विहीणबाई, गोड नाही लागला?"

"लागला ना."

"मग संपवा. अजून वाढतो."

सोयऱ्यांच्या घरी वाटीत उष्टं टाकत नाहीत. वरमाय तर मुळीच टाकत नाही. तिनं टाकलं तर दहा गावांत बोलणं होतं, की पोरीच्या आईनं रांधलेलं विहिणीला पसंत पडलं नाही. मी वाटी संपवली. त्यांनी दुसरी भरली. तीही संपवली.

आमच्या वडील नणंद पार्वताबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांना उपास होता, त्यांनी फक्त केळं खाल्लं. हे लक्षात ठेवा.

दवाखाना

परतीच्या गाडीतच पोट फिरलं. आधी उलटी, मग जुलाब, मग दोन्ही एकदम. बैलगाडी किती वेळा थांबवली ते मला आठवत नाही. शेवटी थांबवायचं सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी मला उभं राहता येईना. गावात लिंबू-मीठ-साखर झालं, अंगारा झाला. मग आदिलाबादला नेऊन सलाइन लावलं. उलट्या-जुलाब थांबले. सगळ्यांना बरं वाटलं. हे म्हणाले, "आता घरी जाऊ."

मी म्हटलं, "मले लघवी झाली नाही."

"कधीपासून?"

"आठवत नाही."

तिथल्या डॉक्टरनं माझे पाय दाबून पाहिले. बोट टेकलं तिथे खड्डा पडून राहिला. मग बाहेर जाऊन ह्यांच्याशी तेलुगूत बोलला. बाजारापुरती तेलुगू मला येते. एवढं कळलं की नागपूर, आणि आजच.

जीपमध्ये मला कुणी काही सांगितलं नाही. गजानन माझ्या पायाशी बसला होता आणि माझ्याकडे पाहत नव्हता. मी त्याला विचारलं, "मी मरून राहिले काय रे?" तो म्हणाला, "काही पण बोलू नको, माय." मला खरं भय तेव्हा वाटलं. आजाऱ्याला सगळ्यात वाईट वाटतं ते हेच. तुमच्या घरात कुणी असं पडलं असेल तर जे आहे ते सांगा.

नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईनं सांगितलं. खाटेवर टेकून बसली आणि मराठीत म्हणाली, "मावशी, अंगातलं पाणी इतकं गेलं की तुमच्या किडन्या थांबल्या आहेत. मेल्या नाहीत, थांबल्या आहेत. सुरू होतील की नाही ते आता सांगता येत नाही. तोवर पोटात नळी घालून आपण घाण काढू."

"नाही झाल्या सुरू तर?"

तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. "तर कठीण आहे."

तिचे उपकार आहेत. तिनं खोटं सांगितलं नाही.

तहान

पोटाला भोक पाडून नळी घातली. वरून बाटलीतलं पाणी पोटात सोडायचं, थोडा वेळ ठेवायचं, मग खालच्या बाटलीत काढून घ्यायचं. पोट पाण्यानं भरलं की श्वास लागायचा, पाणी निघालं की कळ यायची. दिवसभर हेच. नर्स आली की मी खालची बाटली पाहायची. पाणी गढूळ आलं तर धसका, लालसर आलं तर धसका.

यापेक्षा वाईट तहान होती. लघवी होत नाही म्हणून प्यायला पाणी नाही. दिवसभरात मोजून एवढंसं मिळायचं, तेही गोळ्यांबरोबर. पोटात बाटल्याच्या बाटल्या पाणी आणि तोंड कोरडं. भाताला पाणी सोडलेलं शेत मला डोळ्यांपुढे दिसायचं. समोरच्या खाटेवरची बाई पेल्यानं पाणी प्यायची, मी तिचा गळा पाहत राहायची. एकदा तर कुणी पाहत नाही असं बघून मी ओल्या टॉवेलचं टोक चोखलं.

सुजेनं डोळे मिटले होते. तोंडाला मुताचा वास यायचा, माझा मलाच. आपण आतून नासून चाललो आहोत असं वाटायचं. डोळे मिटायची भीती वाटायची, कारण पलीकडच्या दोन बाया डोळे मिटलेल्याच नेल्या.

वेणू

बायकांच्या खोलीत पुरुषाला राहू देत नसत. मला मुलगी नाही. थोरल्या सुनेला कडेवरचं पोर. माझ्याजवळ कोण बसणार हा प्रश्न होता, आणि एका सकाळी देवराव दारात उभे, मागे वेणू पिशवी घेऊन.

"माही पोरगी राहीन तुमच्यापाशी," ते म्हणाले. खाली मान घालून. "आमच्याच घरचं खाऊन झालं ना."

लग्नाआधी पोरगी सासूपाशी येऊन राहते ही रीत नाही. पण मला नाही म्हणायची ताकद नव्हती आणि दुसरं कुणी नव्हतं. वेणू राहिली. ती कापूस ओला करून माझे ओठ पुसायची. घाण काढायला नाक मुरडलं नाही. रोज सकाळी उठली की पहिल्यांदा विचारायची, "झाली, आत्याबाई?"

मी म्हणायची, "नाही."

मग ती माझे केस विंचरायला बसायची. विंचरताना तिचे डोळे खाटेखालच्या भांड्याकडे असायचे.

ती का घाबरलेली आहे ते मला पार्वताबाई भेटायला आल्या तेव्हा कळलं. खाटेशी उभ्या राहिल्या, वेणू पाणी आणायला गेलेली पाहिली आणि म्हणाल्या, "तुले समजते का काही? साऱ्यांनी रस खाल्ला. बायकांचं पोट दोन दिवस चाललं आन् थांबलं. तुह्यावरच काऊन आलं?"

"मी दोन वाट्या खाल्ल्या."

"वाट्याचं काय घेऊन बसली? पोरीचा पाय पाह्य. उंबरठा ओलांडायच्या आदी सासू खाटेवर. घरात आली तर काय करीन?"

"डबा नासका होता."

"डबा कोणी पाह्यला? पाय मात्र साऱ्यांनी पाह्यले."

दाराशी वेणू उभी होती. हातात तांब्या. तिनं सगळं ऐकलं होतं.

पार्वताबाई गेल्यावर मी ह्यांना विचारलं, गावात काय चाललंय. ते टाळत होते. मग म्हणाले, "अक्का म्हणते सोयरीक मोडा. भाऊबंद बी तेच म्हणून राह्यले. मी म्हटलं, थांबा, पाहू."

"काय पाहू?"

ते उठून पिशवी आवरायला लागले. मी जगते की मरते ते पाहू. मी जगले तरी पोरीवर डाग राहणार होता. मी मेले असते तर तिला कुणीच करून घेतली नसती. पोटात नळी असताना मला दोन जिवांची भीती वाहावी लागली. मी काही फार मायाळू बाई नाही. पण सकाळी "झाली?" म्हणताना तिचा आवाज कसा व्हायचा ते मी ऐकत होते. तिचं सगळं त्या एका गोष्टीवर टांगलं होतं, माझ्या लघवीवर.

डब्याचा शोध

शेजारच्या खाटेवर मंचेरियलची एक तेलुगू बाई होती. तिचा नवरा कोळशाच्या खाणीत कारकून, भेटीच्या वेळेला यायचा आणि हिंदीत बोलायचा. त्यानं आमची गोष्ट ऐकली आणि मला म्हणाला, "अम्मा, अब उसका कानून है. तारीख निकला हुआ माल बेचा तो दुकानदार जिम्मेदार. आदिलाबाद में गिराक का कोर्ट है. सादे कागज पे लिख के दो, वकील भी नक्को."

"मैंने तो खरीदा नहीं. समधी ने खरीदा."

"खरीदने वाले की मर्जी से जो खाया, वो भी गिराक. लेकिन डब्बा होना."

देवराव तिथेच बसले होते. ते म्हणाले, "डबा तर फेकला."

वेणू म्हणाली, "कुठं फेकला, बाबा?"

"फेकला ना व."

"तुमी तर रोज घेऊन जाता."

देवरावांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मी विचारलं, "कुठं घेऊन जातात?"

वेणू जमिनीकडे पाहत म्हणाली, "नाल्याकडे. सकाळी."

रसाचे डबे रिकामे झाल्यावर त्यांतला एक देवरावांनी धुऊन टमरेल म्हणून ठेवला होता. चांगला पत्रा, गंजत नाही. मला हसू आलं. पोटात पाणी भरलेलं असताना हसलं की नळीच्या भोकाशी आग होते. मी रडतही होते आणि हसतही होते. देवराव म्हणाले, "हसा, विहीणबाई. हसा." आणि तेही हसले. साखरपुड्यापासून पहिल्यांदा.

डबा आणला. घासूनपुसून कागद गेला होता, पण बुडाला आकडे ठोकलेले होते. वेणूनं खिडकीच्या उजेडात धरून बोटानं चाचपून वाचले. बनवल्याची तारीख आणि संपल्याची तारीख. संपल्यालाच वर्ष होऊन गेलं होतं. डॉक्टरीणबाईनं पाहिलं आणि म्हणाली, "झाकण फुगलं होतं का?" देवराव म्हणाले, "हो, म्हणून तर घेतला." ती कपाळाला हात लावून बसली. म्हणाली, "डबा आतून नासला की फुगतो, काका. फुगलेला डबा कधीही घेऊ नका."

हे तुम्हीही ध्यानात ठेवा. मी ते शिकायला पोटाला भोक पाडून घेतलं.

एक सकाळ

त्यानंतरही लघवी झाली नाही. डबा सापडला म्हणून किडनी ऐकत नाही. डॉक्टरीणबाई रोज यायची, कागद पाहायची, पुढे जायची. मी तिच्या चेहऱ्यावरून अंदाज घ्यायची आणि घाबरायची. माझ्या मनात मी सगळी वाटणी केली. थोरलीला पाटल्या, गजाननच्या बायकोला गळ्यातलं. बायको कोण असेल ते माहीत नव्हतं.

मग एका सकाळी ओटीपोटात थोडं दुखलं. वेणूला म्हटलं, भांडं दे. तिनं लावलं. बराच वेळ काही नाही. आणि मग आवाज आला. थोडीशीच, चहासारखी काळी. मी भांड्याकडे पाहिलं, वेणूनं पाहिलं. ती विचारायचं विसरली. भांडं दोन्ही हातांनी धरून, दूध सांडू नये तशी चालत नर्सला दाखवायला गेली.

दुसऱ्या दिवशी जास्त झाली. मग इतकी, की भांडी पुरेनात. नळी काढली. पहिलं पेलाभर पाणी वेणूनं दिलं. मी ते एकदम प्यायले नाही. मला त्याचीही भीती वाटली.

आदिलाबाद

घरी आले तेव्हा अंगात जीव नव्हता, आणि गावात बोलणं संपलं नव्हतं. पार्वताबाई म्हणत, वाचली ती तिच्या पुण्याईनं, पोरीचा पाय तो पायच. ह्यांनी शेवटी माझ्यासमोर ठरवून टाकलं. "कोर्टात डब्याचं शाबित झालं तर लगीन करू. नाही झालं तर मी भाऊबंदांपुढे तोंड उघडू शकत नाही."

मी म्हटलं, "मले पटत नाही."

"तुले नाही पटत. गावाले पटवा लागते."

मग मीच अर्ज केला. मंचेरियलच्या त्या माणसानं लिहून दिला होता, मी खाली मराठीत सही केली. शेठला नोटीस गेली. त्यानं देवरावांना घरी बोलावून चहा पाजला. बी-बियाणं, किराणा सगळं त्याच्याकडूनच यायचं, पुढेही यायचं होतं. तो म्हणाला, "पाटील, तुमी फक्त येऊ नका. बाईपाशी ना डबा ना साक्षी, ते मिटून जाईन." देवरावांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. हे वेणूच्या आईनं निरोप पाठवून कळवलं. डबा त्यांच्याकडेच होता. मी तो मागून घेतला नव्हता, सोयऱ्यांवर अविश्वास दाखवल्यासारखं झालं असतं.

तारखेच्या दिवशी मी आणि गजानन एसटी बदलत आदिलाबादला पोचलो. मोठी खोली, टेबलामागे तिघं बसलेले. मधले साहेब, एका बाजूला एक गृहस्थ, दुसऱ्या बाजूला एक बाई, माझ्याच वयाच्या. शेठ वकील घेऊन आला होता. देवराव नव्हते. माझी जीभ तहानेच्या दिवसांत व्हायची तशी टाळूला चिकटली.

वकील तेलुगूत बोलला, मग माझ्यासाठी हिंदीत. "तुमने खरीदा?"

"नहीं."

"रसीद है?"

"नहीं."

"बास आयी थी?"

खोटं बोलायचं मनात आलं. पण बोलले नाही. "आयी."

"बास आयी, फिर भी खाया?"

"खाया."

"कितना?"

"दो कटोरी."

लोक हसले. वकील साहेबांकडे वळून म्हणाला की बाईनं वास येत असताना मुद्दाम खाल्लं, आता दुकानदाराला का धरता. मला वाटलं, संपलं. माझ्या दोन वाट्यांनी पोरगी बुडाली.

टेबलामागच्या बाई हसल्या नव्हत्या. त्यांनी मला विचारलं, "क्यूँ खाया, अम्मा?"

"समधन के घर में थाली में छोड़ते नहीं, बाई. लड़के की माँ ने छोड़ा तो लड़की की बेइज्जती."

त्यांनी तेलुगूत साहेबांना सांगितलं. साहेब वकिलाला म्हणाले की खाणाऱ्यानं वास घेतला की नाही हा नंतरचा मुद्दा, तारीख संपलेला माल विकायलाच नको होता. पण तो डबा कुठे आहे?

मी दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं, बाहेर ऊन होतं, कुणी नव्हतं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. म्हणाले, डबा नसेल तर—

"आहे, आहे," असा आवाज आला. देवराव आत येत होते. धोतराला धूळ, एसटी बंद पडली म्हणून अर्धा रस्ता चालत आले होते. काखेत नवा पांढरा टॉवेल. शेठकडे न पाहता पुढे गेले, टॉवेल सोडला आणि टमरेल साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

"ये क्या है?" साहेब म्हणाले.

"डब्बा, साब. इसीमें रस आया था. अभी मैं," देवराव थांबले, माझ्याकडे बघितलं, "अभी मैं इसको सुबह ले के जाता हूँ."

साहेबांनी हात मागे घेतला. सगळी खोली हसली, शेठही. देवराव हसले नाहीत. कान लाल झाले होते, पण ते उभे राहिले. म्हणाले, "मैंने खरीदा, इनकी दुकान से. फुला हुआ था, मुझे लगा भरा हुआ है. मैंने ही समधन को परोसने को बोला. मेरी लड़की का इसमें कुछ नहीं."

शेवटचं वाक्य कुणी विचारलं नव्हतं. ते तेलुगूत कसं लिहिलं गेलं मला माहीत नाही.

टेबलामागच्या बाईंनी रुमालानं डबा उचलला, उलटा केला आणि बुडाचे आकडे मोठ्यानं वाचले. शेठचा वकील म्हणाला, असे डबे कुठेही मिळतात. तेव्हा देवरावांनी शेठला विचारलं, "शेठ, ते बाकीचे फुगलेले तुमी कोणाले देले?" शेठ म्हणाला, "वापस पाठवले." "तर होते ना मग," देवराव म्हणाले. साहेबांनी लिहून घेतलं.

निकाल पुढच्या तारखांना लागला. दवाखान्याचा खर्च शेठनं द्यावा, असा माल परत विकू नये. निकालाचा कागद ह्यांनी पार्वताबाईंसमोर वाचून घेतला, तेलुगू जाणणाऱ्या मास्तरकडून. दोष दुकानदाराचा, असं त्यात होतं. पार्वताबाई म्हणाल्या, "कागदात पाय कुठून येतीन?" पण आवाज बारीक होता. लग्नाची तिथी धरली.

तुम्हाला सांगते, माल घेताना तारीख पाहा. वाचता येत नसेल तर घरातल्या पोरीला वाचायला लावा. पावती मागा, दुकानदार हसला तरी मागा. बाधा झाली तर डबा, बाटली, कागद फेकू नका. आणि धुऊन नाल्याकडे तर मुळीच नेऊ नका.

वाटी

लग्न पुढच्या वर्षी वैशाखात, पैनगंगेच्या काठी. विहिणीची पंगत बसली. ह्या वेळी आंबे झाडाचे होते, वेणूच्या आईनं माझ्यासमोर पिळले. तरी वाटी पुढे आली तशी मी मागे सरकले. पोटातल्या नळीची जागा दुखायला लागली, खरोखर दुखायला लागली. शेजारी पार्वताबाई. त्यांनी आज उपास धरला नव्हता, आणि माझ्याकडे पाहत होत्या. सगळी पंगत पाहत होती. वाटी तशीच ठेवली असती तर पोरीच्या अंगावर सगळं परत आलं असतं.

मी वाटीला बोट लावलं आणि उचलता येईना.

नवरी दोन पाट पलीकडे होती. अंगावर हळद, कपाळावर बाशिंग. ती उठली. नवरीनं पंगतीतून उठू नये, पण उठली. माझ्यापाशी बसली, माझी वाटी उचलली आणि सासूच्या आधी त्यातले दोन घोट प्यायली.

"चांगला हाय, आत्याबाई," म्हणाली.

पार्वताबाईंनी तोंड उघडलं. मी म्हटलं, "तुमी जेवा, अक्का." आणि वाटी संपवली. विहीणबाई दुसरी भरायला आल्या, मी वाटीवर हात ठेवला. तेवढं मी शिकले होते.

संध्याकाळी वऱ्हाड परत निघालं. गाडीत कुणाला सांगितलं नाही, पण सगळा वेळ मी पोटाकडे लक्ष देऊन होते. घरी वेणूनं माप ओलांडलं, तांदूळ सांडले, बाया गाणं म्हणाल्या. मला काही ऐकू येत नव्हतं.

सकाळी मी न्हाणीत गेले. बाहेर आले तर दाराशी नवी सून उभी, हातात तांब्या, डोळे जागे राहिल्यासारखे.

"झाली, आत्याबाई?"

"झाली," मी म्हटलं.